लग्नाळू जीप

वाहन बिघडावं तर सरळ बिघडावं. पाटा तुटावा, क्लचप्लेट जळावी, इंजिन जाम व्हावं; मालकानं एकदाच कपाळाला हात लावावा, पैशाची जुळणी करावी आणि मोकळं व्हावं. खरा छळ अधूनमधून बंद पडणाऱ्या गाडीचा. ती धड बिघडलेली नसते म्हणून दुरुस्त होत नाही आणि धड चांगली नसते म्हणून विकता येत नाही. गिऱ्हाईक बघायला आलं की मात्र अशी सरळ चालते, की विकावी कशाला, असं आपल्यालाच वाटायला लागतं.

खरं तर आम्हा सिरसाळकरांना या ‘अधूनमधून’ प्रकाराची सवय असायला हवी. परळीहून तेलगावमार्गे बीडला जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. इथं पाऊस अधूनमधून, नळाला पाणी अधूनमधून आणि शेतातल्या मोटारीची लाइट तर बहुधा रात्रीच. शेजारी परळीचं औष्णिक वीज केंद्र. २०१५ च्या दुष्काळात ते बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती, पाणी नव्हतं. अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या रेल्वेला १९९५ साली मंजुरी मिळाली आणि बीडहून गाडी सुटायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. तोवर नगरचं अहिल्यानगर झालं होतं. बीडच्या पुढं परळीकडचं काम अजून चालूच आहे. असल्या मुलखात एखादी जीप चालता चालता थांबली, तर तिला नावं ठेवण्याचा अधिकार कुणाला?

पण ठेवतातच. आमच्या थोरल्या काकांनी, ऊस बरा गेला त्या वर्षी, ही डिझेल जीप घेतली. तेव्हाच ती नवी नव्हती. वर ताडपत्रीचा हूड, मागं समोरासमोर बाकडी आणि पुढं तीन घड्याळं. त्यातलं वेगाचं बंद होतं. दुसरं कशाचं, यावर घरात एकमत नव्हतं. तिसरं डिझेलचं. त्याचा काटा कायम अर्ध्यावर. टाकी भरा नाहीतर रिकामी करा, काटा अर्ध्यावर. घरातल्या पोरांची समजूत होती, की तो कंपनीनंच रंगवून दिलाय.

जीप बंद पडायची तीही एका चालीनं. सकाळी सुरू व्हायलाच कुरकुर. सेल्फ मारून मारून बॅटरी दमायची, मग कुठं धूर सोडत उठायची. एकदा उठली की मोहा फाट्यापर्यंत काय, तेलगावपर्यंतही निमूट जायची. पण हंगामात रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. त्यातल्या एखाद्याला मागं टाकायला म्हणून पाय दाबला, की आवाज पातळ व्हायचा, दोन-चार आचके बसायचे आणि जीप ट्रॅक्टरच्या बरोबर शेजारी, रस्त्याच्या मधोमध, शांत. मग उतरायचं, बॉनेट उघडायचं, फीड पंपाचा हातपंप अंगठ्यानं खालीवर करायचा आणि पुन्हा सेल्फ. कधी लगेच सुरू, कधी मागची मंडळी उतरून धक्का मारून दमल्यावर.

यात एक विलक्षण गोष्ट होती. लग्नाला निघाली, की जीप कधीच बंद पडायची नाही. दहाच्या जागी पंधरा माणसं, टपावर रुखवत आणि मागं लोंबकळणारी पोरं घेऊन धारूरचा घाट चढून जायची. शिवाय रात्री जेवून तृप्त झालेलं तेच वऱ्हाड घेऊन परतही यायची. आणि तहसीलमध्ये काम निघालं, आईला अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यायचं झालं, खताच्या गोण्या आणायच्या झाल्या, की हमखास दगा. गावानं तिचं नाव ‘लग्नाळू’ ठेवलं. आमच्या एका आत्यानं मुलगी बघायला जाताना मुद्दाम हीच जीप मागून नेली. सोयरीक जुळली. तेव्हापासून जीपला नारळ फुटू लागले आणि उपवर मुलांचे बाप आमच्याशी जरा अदबीनं बोलू लागले.

रोगापेक्षा वैद्य जास्त, ही आपल्याकडची जुनी श्रीमंती आहे. फाट्यावरच्या हॉटेलात जीपचा विषय निघाला, की भजी गार होत. हॉटेलवाल्याचं मत, डिझेलमध्ये भेसळ. खतविक्रेत्याचं मत, पंप गेला. बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. (पंप बदलण्याचा सल्ला नेहमी तोच देतो, ज्याला पैसे द्यायचे नसतात.) चुलतभावाचं म्हणणं, नोझल. आईनं लिंबू-मिरची बांधली. तिनं निदान खर्च तरी कमी केला.

परळीचे एक गृहस्थ मुंबईत टॅक्सी चालवून आलेले. त्यांनी आल्या आल्या बॉनेट उघडायला लावलं, खांद्यावरचं उपरणं ओलं करून फीड पंपावर गुंडाळलं आणि ‘आता सोडा’ म्हणाले. त्यांचाही दोष नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट, जी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली, तिच्यावर त्यांची हयात गेलेली. तसल्या पेट्रोल गाड्यांचा पंप इंजिनालाच चिकटून असतो. पेट्रोलमधले हलके अंश चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात आणि आमच्याकडं मे महिन्यात नुसत्या सावलीतच बेचाळीस असतं. पंपात पेट्रोलऐवजी वाफ झाली, की पंप वाफच चावत बसतो. कारबोरेटरला काही जात नाही. त्यावर ओलं फडकं हा एका काळी देशभर चाललेला, स्वस्त आणि अगदी शास्त्रशुद्ध उपाय. पंप गार झाला, वाफेचं पुन्हा पेट्रोल झालं, गाडी सुरू. फक्त आमची जीप डिझेलवर चालणारी. डिझेल उकळायला दीडशे अंशांच्या वर जावं लागतं. उपरणं तेवढं काळं झालं. पण उपाय करताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अधिकार होता, त्यानं आम्ही सगळे निम्मे बरे झालो होतो.

त्यांच्यापेक्षा जवळ गेले ते एसटीतून रिटायर झालेले एक मामा. मामांना स्वतःच्या खात्याचा भारी अभिमान. मुंबई राज्याची एसटी १९४८ ची. निजामाच्या राज्यात मात्र सरकारी मोटारी १९३२ पासूनच धावत होत्या, हे ते कुठल्याही विषयात आणू शकतात. त्यांनी विचारलं, ‘टाकीचं झाकण कुठंय?’ झाकण हरवून वर्षं झाली होती. तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी आणि वर सुतळी. मामा म्हणाले, ‘टाकीनं श्वास घ्यायचा कुठून?’ आणि त्यांचं खरं होतं. टाकीतून डिझेल कमी होतं, तेवढी हवा आत यावी लागते. झाकणाला त्यासाठी बारीक भोक असतं. ते बुजलं, की आत ओढ निर्माण होते, पंप इकडून ओढतो, टाकी तिकडून धरून ठेवते, आणि गाडी बरंच अंतर तोडल्यावर थांबते. झाकण काढलं की ‘सुस्स’ आवाज होतो आणि गाडी काही झालंच नाही अशी सुरू होते. स्कूटरवाल्यांना हे जास्त ठाऊक. चेतक १९७२ ला आली, तेव्हापासून दोन पिढ्यांनी स्कूटर आडवी करून, कॉक रिझर्व्हला फिरवून, झाकण उघडून फुंकर मारून आपली विद्या कमावली आहे. आम्ही पिशवी काढली, नवं झाकण आणलं. जीपनं दुसऱ्याच दिवशी तहसीलच्या वाटेवर दम तोडला. मामांनी तो अपमान वैयक्तिक घेतला.

शेवटी रस्त्याकडेच्या मिस्तरींकडं गेलो. लिंबाखाली पत्र्याचं शेड, बाहेर दोन ट्रॅक्टर पोट उघडून उभे आणि एक पोरगं रॉकेलमध्ये वायसर धूत बसलेलं. मिस्तरींनी पाना उचललाच नाही. आधी आमची सगळ्यांची मतं शेवटपर्यंत ऐकून घेतली, चहा मागवला आणि मग विचारलं, ‘कव्हा बंद पडती?’

‘कधीही.’

‘कधीही काय बंद पडत नस्तंय, सर. चढाला का सपाटीला? सकाळी का उन्हात? पाय दाबल्यावर का सोडल्यावर? झटक्यात मरती का मरत मरत मरती?’

त्यांच्या प्रश्नांपुढं मी परीक्षेला बसल्यासारखा झालो. इतकी वर्षं पोरांना प्रश्न विचारणारा मी. आणि गंमत अशी, की जीप ‘का’ बंद पडते यावर गावात प्रत्येकाकडं उत्तर होतं; ‘केव्हा’ हे नीट कुणी बघितलंच नव्हतं. मरत मरत मरते, एवढं मी छातीठोक सांगू शकलो. मिस्तरी म्हणाले, ‘मग डिझेलच कमी पडायलंय. आता कुठं कमी पडायलंय तेवढं बगायचं.’

पेट्रोलच्या गाडीत हीच पहिली वाटणी. बटण दाबल्यासारखी गेली, तर कॉइल, कंडेन्सर, कुठलीतरी सैल वायर. आचके देत गेली, तर पेट्रोल. मग गाडी थांबल्या जागीच प्लग काढून बघायचा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल तर येतंय, पण ठिणगी पडत नाही. थांबल्या जागीच बघायचं हे महत्त्वाचं. गाडी ढकलत शेडला आणली, तोवर गरम झालेली कॉइल गार होते, जाळीला चिकटलेला कचरा टाकीच्या तळाशी बसतो आणि गुन्ह्याचा पुरावा मालकाच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगी नाही, म्हणजे संशयितांतला निम्मा गोतावळा आधीच सुटला. (ज्यानं हे इंजिन १८९७ मध्ये चालवून दाखवलं, तो रुडॉल्फ डिझेल १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला. का, याचं निदान अजून कुणालाच झालेलं नाही.)

डिझेलला शत्रू एकच, हवा. मिस्तरींनी हे सांगायला हातात ग्रीसची पिचकारी घेतली, पण त्यांचं म्हणणं पिचकारीशिवायही समजलं. डिझेल दाबलं तर दबत नाही. पंप जेवढं ढकलतो तेवढं नोझलमधून फवारा होऊन बाहेर पडतं. नोझलचं तोंड उघडायला हवेच्या दाबाच्या शंभर पटींहून जास्त दाब लागतो. त्या वाटेत हवेचा फुगा आला, की पंपाचा सगळा जोर फुगा दाबण्यात जातो. फुगा दबतो, पुन्हा फुगतो, दबतो, फुगतो. नोझल उघडतच नाही. मोठा पंप, ज्याला आमच्याकडचे मिस्तरी अजून ‘मायको’च म्हणतात (बंगळुरूची ती कंपनी १९५१ ची, २००८ मध्ये तिनं नाव बदलून बॉश केलं), तो बिचारा चांगला असूनही बदनाम होतो. निम्म्या पंपांना उगाच फाशी होते, असं मिस्तरींचं मत.

मग तपास सुरू झाला. त्यांची रीत एकच: एका वेळी एकच गोष्ट हलवायची. आमच्यातल्या खतविक्रेत्याला ही रीत पसंत नव्हती; त्याला सगळं एकदम बदलून हवं होतं. ‘सगळं एकदम बदललं अन् गाडी चालली, तर कशानं चालली ते कळतंय का?’ असं मिस्तरींनी विचारलं. खतविक्रेत्यानं उत्तर दिलं नाही, पण आपलं दुकान उघडायची वेळ झाल्याचं त्याच्या लक्षात आलं.

पहिली गोष्ट, टाकीच बाजूला. पाच लिटरच्या कॅनमध्ये डिझेल भरून कॅन बॉनेटजवळ बांधला, त्यातून पाइप थेट फीड पंपाला. जीप परळीच्या दिशेनं पळवून आणली. ट्रॅक्टर मागं टाकला, ट्रक मागं टाकला, एकही आचका नाही. एवढ्यावर पंप, फिल्टर, नोझल सगळे निर्दोष सुटले. आरोपी कॅनच्या मागं होता. म्हणजे टाकी ते फीड पंप, एवढ्या दोन-अडीच मीटरांत कुठंतरी.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. त्यांनी शेजारच्या गवंड्याकडून लेव्हल पाइपाचा वीतभर तुकडा मागून आणला. भिंतीची पातळी बघायचा तो पारदर्शक पाइप. टाकी पुन्हा जोडली आणि मधल्या रबरी नळीच्या जागी हा तुकडा. पोरानं इंजिन चालू करून रेस केलं, आणि आम्ही सगळे, मामांसकट, बॉनेटमध्ये डोकी घालून बघू लागलो. डिझेलबरोबर मोहरीएवढे फुगे चालले होते. एकामागून एक, शिस्तीत. इतकी वर्षं जिच्यावर चर्चा झाली, ती वस्तू अशी डोळ्यांनी दिसली, तेव्हा थोडा वेळ कुणी बोललंच नाही. मग मामा म्हणाले, ‘मी म्हणलंच होतं, हवा.’ मामांनी हवा बाहेरून आत जात नाही असं म्हटलं होतं. हे म्हणजे नेमकं उलटं. पण आम्ही ते सोडून दिलं.

हवा घुसते कुठून? इथं बिघाडाचा खट्याळपणा असा, की ओढीच्या बाजूला भोक पडलं तर बाहेर थेंबही गळत नाही. डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. खालची जमीन कोरडी ठणठणीत. मिस्तरींनी सांध्यांचे तांब्याचे वायसर बदलले, फुगे तसेच. टाकीपासूनची कडक झालेली नळी बदलली, फुगे तसेच. मग ते पुसायच्या बोळ्यानं हात पुसत बराच वेळ गप्प बसले. मधेच एक जण जुनी स्कूटर घेऊन आला, पेट्रोलची नळी चिकट होऊन फुगली म्हणून. तोही एक नवा धडाच आहे. २००३ पासून पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली, २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपावर आलं आणि २०२५ पर्यंत देशभर तेच झालं. जुन्या गाड्यांचं रबर या पेयाच्या ओळखीचं नाही. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं. आमच्या जिल्ह्यातली माणसं दसरा-दिवाळी झाली, की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. त्या उसाची थोडी साखर होते, थोडं इथेनॉल होतं आणि फिरून त्यांच्याच मोटारसायकलच्या टाकीत येऊन कारबोरेटर चोकअप करतं. स्कूटरवाला हे ऐकून म्हणाला, ‘म्हंजे आमीच तोडलेला ऊस आमालाच लागला की.’ मिस्तरींनी त्याला नवी नळी दिली.

आणि तिथून पुढं त्यांनी एकदम आमच्याकडं वळून विचारलं, ‘सर, ही लग्नाला बंद पडत न्हाई म्हंत्यात, ते खरंय का?’

मी म्हणालो, लोक काहीही म्हणतात, पण खरंय.

‘लग्नाच्या वक्ताला डिझेल कोन टाकतंय?’

‘ज्यांचं लग्न ते.’

‘किती?’

‘टाकी फुल्ल करून देतात. रीत आहे तशी.’

‘अन् तुमी?’

यावर पुतण्यानं उत्तर दिलं, मला द्यावं लागलं नाही. आमच्या घरी डिझेल रुपयांत टाकतात, लिटरमध्ये नाही. पाचशेचं. फार तर, दवाखाना असेल तर, हजाराचं.

मिस्तरींनी पोराला पंपावर पिटाळलं. दोन कॅन डिझेल आलं, टाकीत ओतलं, पार तोंडापर्यंत. पुन्हा इंजिन, पुन्हा बॉनेटमध्ये आमची डोकी. लेव्हल पाइपातले फुगे विरळ झाले, मग एखाददुसरा, मग एकही नाही. पिवळं, स्वच्छ डिझेल पाइप भरून वाहत होतं.

टाकीत वरून एक लोखंडी नळी तळापर्यंत सोडलेली असते. तिच्यातून डिझेल ओढलं जातं. ती बाहेर काढली तेव्हा अर्ध्या उंचीच्या जरा वर गंजून केसाएवढी चीर पडलेली दिसली. टाकी भरलेली असली, की चीर डिझेलात बुडालेली. ओढलं तर डिझेलच ओढणार. टाकी अर्ध्याखाली गेली, की चीर उघडी पडायची आणि पंप निम्मं डिझेल, निम्मी हवा घ्यायचा. हळू चालवलं तर तेवढ्यावर भागायचं. पाय दाबला की भागायचं नाही. रात्रभर उभी राहिली, की नळीतलं डिझेल त्या चिरेतून आलेल्या हवेमुळं परत टाकीत उतरायचं, म्हणून सकाळची कुरकुर. आणि काटा जर अर्ध्यावर अडकलेला नसता, तर हे कुणा शहाण्या पोराच्याही ध्यानात आलं असतं. अंबाजोगाईचा दवाखाना, तहसील, खत, सगळे पाचशेच्या डिझेलचे प्रवास. धारूरचा घाट पाहुण्यांच्या पैशाचा.

टाकी उतरवलीच होती, म्हणून धुतली. गंजाचा चिखल, पिशवीचे तुकडे, एक बाटलीचं बूच आणि काकांचं म्हणून ओळखू आलेलं फडकं निघालं. नळी बाहेर काढून पितळेनं भरून घेतली. सगळ्या तपासाची मजुरी मिस्तरींनी एवढी कमी सांगितली, की खतविक्रेत्यानं पंपाच्या किमतीशी ती ताडून पाहिली आणि पुन्हा दुकानाची आठवण काढली.

जीप चालू लागली. पाचशेच्या डिझेलवर अंबाजोगाईला गेली, तहसीलला गेली, ट्रॅक्टरांना मागं टाकत माजलगावला जाऊन आली. घरात आनंद, आत्या मात्र नाराज. तिच्या दुसऱ्या मुलाची सोयरीक अजून जुळायची होती आणि आता जीप कुठंही जाते म्हटल्यावर तिचा पायगुण कसला उरला? आम्हा सगळ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. पूर्वी टाकी अर्ध्याखाली उतरली, की जीप स्वतःच कटकट करायची, आणि कुणीतरी वैतागून थोडं डिझेल टाकायचं. आता ती कटकट बंद झाली होती. काटा अर्ध्यावरच होता.

पुतण्याचा फोन आला तो तेलगावच्या अलीकडून. ‘काका, पुन्हा तेच. मरत मरत मेली.’ मागं गलका ऐकू येत होता. रस्त्यावर माणसं जमली होती आणि कुणीतरी मोठ्यानं पंप बदलायला सांगत होतं. मी मिस्तरींना फोन लावून दिला. ते म्हणाले, ‘त्याला म्हनावं, कडंच्या बाभळीची एक काठी मोड अन् टाकीत सोडून बग.’

काठी कोरडी निघाली.